आमचे साडू मेंबर झाले त्याची गोष्ट

जगात घाबरणारी माणसं काही कमी नाहीत. कुणी पालीला घाबरतं, कुणी साहेबाला, कुणी मार्चमधल्या ऑडिटला. पण घाबरण्याचाच ज्यानं धंदा केला आणि त्या धंद्यावर तीस वर्षं घर चालवलं, असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे साडू प्लॉटचे दलाल. दलाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पांढरे बूट येतील, गळ्यात जाड साखळी येईल, दोन कानांना दोन मोबाइल येतील आणि 'साहेब, डोळे झाकून घ्या' हे वाक्य येईल. साडूंकडे यातलं काहीच नव्हतं. एक खडखडणारी स्कूटर होती, कागद ठेवायला कापडी पिशवी होती, आणि वाक्य होतं ते असं, 'साहेब, डोळे नीट उघडून बगा, आन् जमलं तर घेऊच नका.'

गिऱ्हाइकाला प्लॉटवर नेलं की दुसरे दलाल गुण सांगायला सुरुवात करतात. हायवे किती जवळ, शाळा किती जवळ, भाव दोन वर्षांत कसा दुप्पट होणार. साडू प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर उभे राहून एकेक भीती सांगायचे. या कोपऱ्यावरून विजेची मोठी तार जाते. त्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साचतं, म्हणजे पाऊस पडला तर. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत आणि त्यातला एक भाऊ लासूर स्टेशनला असतो, तो कुणालाच सही देत नाही. आणि मुख्य म्हणजे हा गुंठेवारीचा प्लॉट, शेताचे तुकडे पाडून परवानगीशिवाय विकलेला, तेव्हा कधीतरी घर पाडणारं मशीन येऊन उभं राहिलं तर? एकदा एक इंजिनीअर साहेब वैतागून म्हणाले, 'अहो, तुम्ही प्लॉट विकायला आलात की मोडायला?' साडू कळवळून म्हणाले, 'विकायलाच आलो साहेब. पन उद्या तुमी मला शिव्या घालाल, त्या कोन सोसनार?' साहेब गाडीत बसून निघून गेले. साडूंना त्या दिवशी इतकं हलकं वाटलं, की त्यांनी घरी जाताना बायकोसाठी गुलमंडीतून गजरा नेला.

त्यांचं म्हणणं असं होतं, की सगळ्या तळतळाटांत घराचा तळतळाट वाईट. 'कापड इटकं निघालं तर मानूस दोन दिवस बोंबलतो, दादा. घर चुकलं तर रोज सकाळी दात घासता घासता बोंबलतो. आन् कुनाच्या नावानं? माझ्या!' मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. मी जिल्हा परिषदेत क्लार्क होतो आणि चार पैसे जमवून मलाही एक वीस बाय तीसचा तुकडा घ्यायचा होता. घरचाच दलाल, म्हटलं याच्यासारखं सोपं काय! साडूंनी मला अकरा प्लॉट दाखवले. दहांमधून त्यांनीच मला घाबरवून बाहेर काढलं, आणि अकरावा मला फार आवडला, तर इसार द्यायच्या दिवशी सकाळी घरी आले आणि माझ्या पायाशी बसून म्हणाले, 'दादा, परक्याचं काय व्हायचं ते हुईल. तुमचं वाकडं झालं तर ताई मला दिवाळीला दारात उभं करनार नाय.' मी घेतला नाही. त्या माळावर आज तीन मजली इमारती आहेत, खाली बँक आहे. माझी बायको तिथून रिक्षानं जाताना अजूनही तोंड फिरवून बसते, आणि मी बाजूला बसलेलो असलो तर माझ्याकडेही बघत नाही.

बरं, इतकं करूनही काही माणसं हट्टानं घ्यायचीच. साडूंनी नको नको म्हटलं की त्यांना वाटायचं, यात नक्की काहीतरी चांगलं आहे आणि हा आपल्यापासून लपवतोय. असे पंचवीस वर्षांत मिळून कितीतरी प्लॉट साडूंच्या हातून गेले. आणि ज्याला प्लॉट दिला त्याच्या गल्लीतून साडू पुन्हा म्हणून गेले नाहीत. न जाणो, बोलावलं तर! भिंतीला भेग दाखवली तर! सुरुवातीला हे जमून गेलं. पण शहर काही थांबत नव्हतं. बायपासच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, एमआयडीसीच्या बाजूला, जिकडे बघावं तिकडे चुन्याच्या रेघा आणि 'आजच बुक करा'चे बोर्ड. शहर वाढत गेलं तसतसा साडूंचा रस्ता लांबत गेला. त्यांच्या घरून आमच्या घरी यायला दहा मिनिटं लागतात, साडूंना पाऊण तास लागायचा. आमच्याकडे जेवायला बोलावलं तर त्यांनी आणलेली जिलबी गार झालेली असायची. या शहरात हेल्मेट कुणी डोक्याला लावत नाही, पण साडू लावायचे आणि काच खाली ओढून घ्यायचे. एका चौकातल्या पोलिसानं म्हणे त्यांना या शिस्तीबद्दल शाबासकी दिली होती. माझ्या पुतणीच्या लग्नात मात्र कार्यालयाच्या मागच्याच गल्लीत त्यांनी दोन प्लॉट दिलेले निघाले, तेव्हा हा गृहस्थ पंगतीतसुद्धा हेल्मेट काढीना. काच वर, घास आत, काच खाली. व्याह्यांनी मला हळूच विचारलं, 'यांच्या डोक्याला काही लागलंय का?' मी म्हटलं, 'लागलेलंच आहे म्हणा ना.'

हसू नका, या माणसाची एक पद्धत मात्र अशी होती, की मी तिच्यापुढे टोपी काढतो. आमच्याकडे प्लॉट बघताना खरा प्रश्न एकच, पाणी आहे का? आणि याचं खरं उत्तर मालकही देत नाही आणि दलालही देत नाही. साडू भर उन्हाळ्यात, दुपारी, त्या प्लॉटच्या आसपासच्या तीन घरांची दारं वाजवायचे आणि म्हणायचे, 'माय, जरा पानी देता का प्यायला?' बाईनं हातातलं काम टाकून भरलेला तांब्या आणला, तर ठीक. पेला आणला, तर विचार करायचा. पेला अर्धा असला, किंवा आणताना बाईनं आत वळून सासूकडे पाहिलं, तर तो प्लॉट साडूंनी विकायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही नाचो. पाणी नाही कुणीच म्हणत नाही हो, आमच्याकडे पाण्याला आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. पण हात आखडतो. तो हात साडू वाचायचे. लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, धरण आटलं, नळाचं पाणी आठवड्यातून एकदा यायला लागलं, तेव्हा मोठमोठ्या दलालांचे बोर्ड खाली आले. साडूंचं मात्र रोज आठ-दहा अनोळखी घरांतलं पाणी पिऊन पोट बिघडायचं, पण गिऱ्हाईक टिकून राहिलं.

याच दुष्काळात शहरातल्या प्लॉटवाल्यांची संघटना निघाली. फसवाफसवी फार झाली होती, एकच प्लॉट तिघांना विकल्याच्या गोष्टी रोज कानावर यायच्या, आणि माणसं दलाल दिसला की रस्ता बदलायची. म्हणून चार वजनदार लोकांनी एकत्र येऊन असोसिएशन काढलं. एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, काचेचं दार, बाहेर सभासदांच्या नावांचा मोठा बोर्ड. अध्यक्ष म्हणजे अगदी पांढऱ्या बुटांचा माणूस, पण मनानं दिलदार. तो स्वतः साडूंच्या घरी आला. 'क्या काका, डरते कायकू? कार्ड लेलो! दिवाळीच्या पाडव्यानंतर एकाही मोठ्या साइटवर बिनकार्डाचा एजंट आत जाणार नाही, आम्ही ठरवून टाकलंय. तुम्ही आपले जुने माणूस, तुम्ही बाहेर राहिलात तर बरं दिसेल का?' आणि फॉर्म ठेवून गेला.

तो फॉर्म घेऊन साडू हेल्मेटसकट माझ्या घरी आले. चेहरा असा, की मला वाटलं कुणी गेलं की काय. फॉर्ममध्ये विशेष काही नव्हतं. नाव, पत्ता, फोटो, दोन समाधानी ग्राहकांच्या सह्या, आणि अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ, 'माझ्याविरुद्ध आलेली तक्रार संघटनेपुढे चालेल आणि तिचा निर्णय मला मान्य राहील.' शहरातल्या सगळ्या दलालांनी तो फॉर्म भरला असेल, पण ती ओळ वाचणारे साडू एकटेच असणार. त्यांनी ती बोट ठेवून मला दोनदा वाचून दाखवली.

'आवो दादा, आजपतूर कुनाचं माझ्या हातून वाईट झालं आसंल, तर त्यानं मला धुंडायचं कुठं? उन्हात हिंडावं लागत व्हतं बिचाऱ्याला. आता बोर्डावर नाव. लिफ्टनं वर या आन् तक्रार द्या!'

मी चिडलो. मी असा लवकर चिडतो, आणि साडूंवर तर फारच लवकर. म्हटलं, 'बाकीचे लोक गिऱ्हाइकापासून वाचायला संघटनेत जातात, आणि तुम्ही संघटनेला घाबरून गिऱ्हाईक सोडणार? पाडव्यानंतर काय करणार? खाणार काय? आणि तुमच्याविरुद्ध कोण तक्रार करणार हो? तुम्ही तर सगळ्यांना आधीच घाबरवून मोकळे होता!'

 साडू फॉर्मची घडी घालत आणि उलगडत बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टरबाई त्यांच्याकडे आल्या होत्या. एकट्या. जन्मभर क्वार्टरमध्ये राहिलेल्या, आता स्वतःचं घर हवं होतं. डोंगराकडच्या बाजूला एक प्लॉट होता. साडू नेहमीप्रमाणे दुपारी पाणी मागायला गेले. पहिल्याच घरात बाईनं भरलेला तांब्या आणला, वर म्हणाली, 'भाऊ, पायावर पन घ्या, लई ऊन हाय.' पायावर पाणी! साडूंचा जीव सुपाएवढा झाला. ऊन खरंच फार होतं, डोकं गरगरत होतं, त्यांनी उरलेल्या दोन घरांची दारं वाजवली नाहीत. सिस्टरबाईंना जाऊन छातीठोकपणे सांगितलं, 'बाई, तिथं पान्याला मरन नाय.' पंचवीस वर्षांत साडूंनी छातीठोकपणे केलेलं हे एकच विधान. खरेदीखत झालं, पाया पडला, आणि मग कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं, की त्या घरात त्या दिवशी मुलीची हळद होती, आणि हळदीसाठी सकाळीच टँकर मागवला होता.

'बोर चारशे फूट गेली, दादा. नुसता फुफाटा. मी लांबून बगितला. धुरळा वर गेला आन् बाई तिथं पदर नाकाला लावून उभी व्हती. मी तशीच स्कूटर वळवली. सात वर्सं झाली.'

 मी म्हटलं, अहो, दुसऱ्या दोघांच्या सह्या घ्या, फॉर्म भरा, त्या कशाला येताहेत. साडूंनी मान हलवली.

'सह्या मिळत्याल. पन ते कार्ड काय म्हनतं? हा मानूस नीट हाय, आसंच म्हनतं ना? मंग मी नीट हाय का? का त्या बाईला फसवून आलेला चोर हाय? हे तिच्याशिवाय कोन सांगंल मला?'

सात वर्षं या माणसाच्या आत काय चाललं होतं, ते मला त्या क्षणी दिसलं, आणि पंगतीतल्या हेल्मेटवर मी किती हसलो होतो ते आठवून लाज वाटली. लाज वाटली की मी जरा जास्तच आवाज चढवतो. मी म्हटलं, 'उठा. आत्ताच्या आत्ता जायचं.'

मे महिना, दुपारचे तीन. स्कूटरवर मागे बसून मी धीर देत होतो खरा, पण बायपास ओलांडला तसा माझाही धीर सुटायला लागला. त्या कॉलनीत घराघरासमोर निळे ड्रम रांगेनं मांडलेले, एकेका ड्रमला साखळी आणि कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाण्याला कुलूप लावलेल्या वस्तीत आपण पाणी आहे म्हणून सांगणाऱ्या माणसाला घेऊन चाललोय, हे मनात आलं आणि मी सीटवर जरा मागे सरकलो. चार बाया बाहेर आल्या आणि यांना ओळखलं तर? मला आपलं उगीचच वाटायला लागलं, की आपल्याला साखरेचा त्रास आहे, आपण सावलीत थांबावं. साडूंनी एका फाटकासमोर स्कूटर बंद केली. स्टँड लावायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मी म्हटलं, 'घरी नसतील हो, झोपल्या असतील.' साडूंनी डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि कडी वाजवली.

दार उघडलं. पांढरे केस, ताठ मान, काठापदराचं साधं लुगडं. त्यांनी साडूंकडे पाहिलं आणि क्षणभरही विचार न करता म्हणाल्या, 'तुम्ही ना? या आत. सात वर्षं लागली का यायला?'

आत पंखा हळू फिरत होता. साडू खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्यानं, भिंतीकडे बघत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. पहिलं घर, तांब्या, पायावरचं पाणी, हळद, टँकर, न वाजवलेली दोन दारं.  मी दाराकडे तोंड करून बसलो होतो, पळायला बरं म्हणून. सिस्टरबाईंनी एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी साडूंनी फॉर्म पुढे केला आणि म्हणाले, 'मी सही मागायला नाय आलो. म्हंजी आलोच व्हतो. पन मागायचं तोंड नाय माझ्याकडं.'

बाईंनी चष्मा लावला. पूर्ण फॉर्म वाचला. दवाखान्यात केसपेपर वाचत असतील तसा, वरपासून खालपर्यंत.

'समाधानी ग्राहक,' त्या म्हणाल्या. 'नाही. मी सही करणार नाही. सात उन्हाळे मी टँकरच्या मागे धावले आहे. खोटं नाही लिहिणार.'

'बराबर हाय, बाई,' साडू म्हणाले.

'पाण्याचं एक वेळ सोडा,' त्या म्हणाल्या. 'पाण्याची सवय होते. माझा भाऊ आहे एक. मी एकटीनं घर घेतलं तेव्हा तो नको म्हणत होता. सात वर्षं झाली, लग्न असो, बारसं असो, चार माणसांत तो हाच विषय काढतो. बाईमाणसानं एकटीनं व्यवहार केला की असंच होतं म्हणे. चौकशी केली नाही, बघितलं नाही, म्हणे. अहो, मी पंचवीस वेळा विचारलं होतं तुम्हाला पाण्याचं. विचारलं होतं की नाही?'

'इचारलं व्हतं.'

'मग माझी चूक काय होती?'

'तुमची कायबी नव्हती, बाई.'

 मग बाई फॉर्मच्या तळाशी बोट ठेवून मला म्हणाल्या, 'ही शेवटची ओळ खरी आहे का? तक्रार घेतात खरंच?' मी सरकारी नोकरीत जन्म काढलेला माणूस, अशा ओळींचं काय होतं ते मला माहीत. तरी म्हटलं, 'लिहिलंय तर घेत असतील.'

'मग तुम्ही मेंबर व्हा,' त्या साडूंना म्हणाल्या. 'तुम्ही मेंबर झाल्याबरोबर मी तक्रार देते. ही गोष्ट मला एकदा कुठंतरी नेऊन मांडायचीय. किती वर्षं घरात ठेवू?'

घरी हा प्रकार कळला तेव्हा माझी मेहुणी डोळ्याला पदर लावून माझ्याकडे आली. 'दाजी, यांना आडवा. आपल्या पायानं कोन फासावर जातं का?' मी अडवायचा प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, साडू, पाडव्यानंतर आपण दुसरं काही बघू, किराणा टाकू. पण जन्मभर पालीला दार उघडून देणारा हा माणूस त्या आठवड्यात कुणाचं ऐकेना. एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरची सही आणली, एका वाण्याची आणली. दोघंही खूश झाले म्हणे, ड्रायव्हर तर लटकाच रागावला, 'इतकी वर्षं व्हतात कुठं? वास्तुशांतीला बोलवायला किती हुडकलं तुमाला!' साडूंना हे ऐकून रडू आलं. फोटो काढला, त्यात डोळे असे आले आहेत की समोर कॅमेरा होता की बिबट्या, कळत नाही. बोर्डावर नाव लागलं. आणि तिसऱ्या दिवशी साडूंनी स्वतः सिस्टरबाईंना फोन करून ऑफिसचा पत्ता सांगितला, लिफ्ट कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा सांगितलं.

असोसिएशनमध्ये एकच गडबड उडाली. तक्रारींची एक वही होती, उद्घाटनाच्या दिवशी तिची हळदकुंकू वाहून पूजा झाली होती आणि पहिल्या पानावर 'श्री' काढलेला होता. त्यापुढे कुणी काही लिहील असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सिस्टरबाईंनी 'श्री'च्या खाली सुवाच्य अक्षरात दीड पान लिहिलं. कमिटी बसवावी लागली. मी साडूंबरोबर गेलो होतो, आणि सांगतो, माझ्या खात्याच्या चौकशीलासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. टेबलाच्या एका बाजूला पाच पांढरे बूटवाले, दुसऱ्या बाजूला त्या बाई, आणि मधे साडू, दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबून बसलेले. निर्णय विरुद्ध गेला तर पहिल्याच आठवड्यात कार्ड जाणार, आणि शहरभर होणार, की असोसिएशननं पहिला चोर पकडला तो हा.

अध्यक्षांनी आपलं गोडीनं घेतलं. 'मॅडम, आपण सगळं समजुतीनं मिटवू.'

'समजूत माझी झालेली आहे,' बाई म्हणाल्या. 'मला लेखी पाहिजे.'

अध्यक्ष साडूंकडे वळले. 'काका, तुमचं काय म्हणणं?' आणि डोळ्यांनी खुणावत होते, नाकबूल करा, आम्ही बघतो. साडू उठून उभे राहिले. 'बाईंनी लिवलंय ते सगळं खरं हाय,' एवढंच म्हणाले आणि बसले. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. मग पेन उघडून म्हणाले, 'म्हणजे निर्णयात काय लिहू, मॅडम? सभासदानं आपली फसवणूक केली, असं?'

 साडूंनी डोळे मिटून घेतले होते.  सिस्टरबाई साडूंकडे बघत होत्या.

'नाही,' त्या म्हणाल्या. 'फसवणारा माणूस सात वर्षांनी दार वाजवत नाही. यांची चूक झाली. चूक लिहा. आणि माझी चूक नव्हती, हेही लिहा. यात कमी नको आणि जास्त नको.'

तसंच लिहिलं. खाली अध्यक्षांनी सही केली, कमिटीनं केली, आणि साडूंनी आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहून सही केली. बाईंनी कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवला, आणि 'येते' म्हणून लिफ्टनं खाली गेल्या. साडू त्या खुर्चीत बसून मोठ्यानं रडले. अध्यक्षांनी चहा मागवला, आणि पाठीवर हात फिरवत सारखं म्हणत राहिले, 'होता है काका, होता है.'

त्यानंतर साडू पाच-सहा वर्षं धंद्यात होते. भित्रे ते भित्रेच राहिले, त्यात फरक पडला नाही, पण गिऱ्हाईक त्यांना शोधत यायला लागलं. त्या वहीतलं पान ते नव्या गिऱ्हाइकाला आधी वाचायला सांगायचे, आणि ते वाचूनही लोक त्यांच्याकडूनच घ्यायचे. सिस्टरबाईंच्या भावानं तो कागद वाचला. पटला की नाही देव जाणे, पण चार माणसांत तो विषय काढायचा बंद झाला, असं त्या एकदा मला म्हणाल्या.

आता साडू घरीच असतात. दोन वर्षांपासून विसरायला लागले आहेत. आधी चाव्या विसरायचे, मग रस्ते विसरले, आता माणसंही विसरतात. मला कधी ओळखतात, कधी नुसतंच नमस्कार करून सरकून बसतात. कार्ड, प्लॉट, असोसिएशन, काही आठवत नाही. मी आठवड्यातून दोनदा जाऊन त्यांच्याजवळ बसतो, आणि परत येताना मला फार एकटं वाटतं. दारात कुणीही आलं, दूधवाला असो की नातवाचा मित्र, की साडू काळजीनं पुढे वाकून त्याला विचारतात, 'तुमची माझ्याबद्दल काय तक्रार तर नाय ना?' सगळे हसून नाही म्हणतात. पण साडूंचा विश्वास बसत नाही. ते पुन्हा विचारतात, मग पुन्हा, आणि कितीही वेळा नाही म्हटलं तरी त्यांचे हात मांड्या दाबतच राहतात.

मागच्या महिन्यात सिस्टरबाई त्यांना बघायला आल्या होत्या. खूप थकल्या आहेत, काठी घेऊन आल्या. साडूंनी त्यांना ओळखलं नाही. त्या शेजारी बसल्या तसे ते वाकले आणि हळूच म्हणाले, 'बाई, तुमची माझ्याबद्दल काय तक्रार तर नाय ना?'

मेहुणी घाईनं म्हणणार होती, की नाही हो, यांची कशाला असेल. पण सिस्टरबाईंनी तिला हातानं थांबवलं. साडूंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, 'होती. मिटली.'

साडू त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'मंग बरं झालं.' आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.